टोपऱ्यावरचं नाव

आज आपण शिवणकामाबद्दल बोलणार आहोत. शिवण कशी टाकायची हे तुम्हाला कोणी सांगायला नको. आज बोलायचं आहे ते या कामाच्या इतिहासाबद्दल, आणि तोही एका लहानशा वस्तूवरून. ती वस्तू म्हणजे बारशाला देतात ते झबलं-टोपरं, ज्याच्यावर बाळाचं नाव मशीनवर भरलेलं असतं.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या पुष्कळ गटांकडे हल्ली ही मागणी येते. "पोट्टा झाला वं माय, नाव टाकून टोपरं शिवून दे." आपण शिवून देतो, पैसे घेतो, झालं. पण बाळाच्या कपड्यावर नाव कधीपासून आलं? मशीनवर बाई कधीपासून बसली? हे समजलं तर आपल्या कामाची किंमत सांगताना आपला आवाज खाली येणार नाही.

आधी मशीन नव्हतं तेव्हाचं पाहू. आपल्या पणजीच्या काळी घरातल्या मोठ्या माणसांच्या अंगावर शिवलेलं कापड फार कमी असायचं. बाईचं लुगडं आणि बाप्याचं धोतर, दोन्ही बिनशिवणीचं. घरात सुईदोरा निघायचा तो चोळीसाठी, गोधडीसाठी आणि लेकरासाठी. जन्मलेल्या बाळाला लगेच नवं कापड घालत नसत. जुनेर लुगड्याचं दुपटं, लंगोट आणि झबलं करायचे, कारण धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत बाळाच्या अंगाला टोचत नाही. मग बारशाला आत्या, मावशी, आजी बाळंतविडा आणायच्या. त्यात खणाची कुंची असायची, डोक्यापासून पाठीपर्यंत येणारी, कडेला गोंडे लावलेली. एकेका कुंचीला कितीतरी दुपारी जायच्या. पण तिच्यावर नाव नसायचं आणि शिवणारीच्या हातावर पैसाही पडायचा नाही. ते काम मायेत जमा व्हायचं.

चिंध्यांचीही किंमत या मातीला ठाऊक होती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा ठिगळांचे कपडे घालून फिरायचे, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणायचे.

कापड शिवून पैसे घेणारा माणूस गावात होता, पण तो पुरुष. शिंपी हा गावगाड्यातला अलुतेदार. संत नामदेवही शिंपीच. म्हणजे तीच सुई बाप्याच्या हातात असली की धंदा आणि बाईच्या हातात असली की घरकाम, अशी वाटणी मशीन येण्याआधीच झालेली होती.

आता मशीनकडे येऊ. अमेरिकेत एलियास होवे यांनी 1846 मध्ये आणि आयझॅक सिंगर यांनी 1851 मध्ये शिलाई मशीनचं पेटंट घेतलं. एवढी महाग वस्तू साध्या घरात कशी जाणार? म्हणून सिंगर कंपनीनं 1856 च्या सुमारास हप्त्यावर मशीन द्यायला सुरुवात केली. आज आपण गटाचं कर्ज हप्त्यानं फेडतो. हप्त्यावर घरी आलेल्या जगातल्या पहिल्या मोठ्या वस्तूंपैकी एक हे शिलाई मशीन होतं.

त्याच काळात इकडे वऱ्हाडात काय चाललं होतं? 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं. 1861 ते 1865 या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला भाव चढला. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली. 1870 मध्ये शेजारच्या खामगावला रेल्वेचा फाटा आणि कापसाचा बाजार सुरू झाला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. कापसाच्या गाठी रेल्वेनं मुंबईला आणि तिथून बोटीनं विलायतेला जात. त्याच रेल्वेनं गिरणीचं कापड, रिळाचा दोरा आणि पुढे शिलाई मशीन आपल्याकडे आलं. मुंबईत नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ सिंगरचे एजंट होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत त्यांनी देशभर मशीनचा व्यापार वाढवला. कापूस आपण वेचायचा आणि कापड दुसऱ्याकडून विकत घ्यायचं, ही रीत तेव्हापासूनची. नंतर अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल, अचलपूरची विदर्भ मिल अशा गिरण्या आपल्याकडेही चालल्या. आज त्यांचे भोंगे वाजत नाहीत.

या मशीनबद्दल गांधीजींचं एक मत ऐकण्यासारखं आहे. यंत्रांना त्यांचा विरोध होता हे आपण शाळेत शिकलो. पण 1924 साली झालेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद केलं. बायको हातानं शिवून शिवून थकते हे पाहून सिंगरनं प्रेमापोटी हे यंत्र केलं, असं त्यांच्या ऐकण्यात होतं. खरा इतिहास एवढा गोड नाही. सिंगरनं दुसऱ्यांच्या मशीनमध्ये सुधारणा केली, पेटंटवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि त्याचा डोळा कमाईवर होता. पण गांधीजींचा मुद्दा मोलाचा आहे: यंत्र चांगलं की वाईट हे ठरवायचं असेल, तर त्यानं राबणाऱ्या माणसाचे कष्ट कमी झाले का, ते पाहायचं.

मग आपल्याकडे बाईचे कष्ट कमी झाले का? सुरुवातीला फारसे नाही. जाहिरातीत मशीनवर बाई बसलेली असायची, पण गावात मशीन होतं शिंप्याच्या ओट्यावर. बाई मशीनपर्यंत पोचली ती शिक्षणाच्या वाटेनं. पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केलं. तिथे प्रौढ बायकांना, विधवांना लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणही शिकवत. 1930 च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं देशी 'उषा' मशीन बाजारात आणलं. स्वातंत्र्यानंतर गावोगावी महिला मंडळं निघाली, शिवणक्लास सुरू झाले, मुलीच्या लग्नात मशीन द्यायची पद्धत पडली. 1975 मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, स्थापन झालं. बचत गटांच्या कर्जातूनही कितीतरी घरांत मशीन आलं.

यात एक गोष्ट मात्र राहून गेली. बाईला मशीन मिळालं ते बहुतेक वेळा आधार म्हणून. "बिचारीचा नवरा गेला, मशीन द्या," असं म्हणून. शिंप्याला कोणी बिचारा म्हणून मशीन दिलं नाही. त्याचा तो व्यवसाय होता, त्याचा दर ठरलेला होता. आपल्याला मशीन मिळालं, पण दर मिळाला नाही. आजही गिऱ्हाईक म्हणतं, "घरीच तं बसली असतेस, कायचे इतके पैसे?" या एका वाक्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

आता नावाकडे येऊ. कुंचीवर नाव का नसायचं? एक कारण दृष्टीचं. लेकराला नजर लागू नये म्हणून गालाला तीट लावायचे, धोंडू-दगडू अशी नावं ठेवायचे. मग ते नाव कपड्यावर कोण मिरवणार? पण मोठं कारण दुसरंच आहे. शिवणाऱ्या बाईला अक्षर येत नव्हतं. 1901 च्या जनगणनेत आपल्या देशात लिहिता-वाचता येणारी बाई शंभरात एकसुद्धा नव्हती. 2011 मध्ये महाराष्ट्रात ते प्रमाण शंभरात सुमारे 76 झालं. बाई शाळेत गेली, तेव्हा अक्षर कापडावर आलं. आधी 'सुस्वागतम'चे तोरण आणि भिंतीवरची चौकट. मग रुमालाच्या कोपऱ्यात नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. तोंडानं नवऱ्याचं नाव घ्यायला उखाण्याशिवाय परवानगी नव्हती, पण सुईनं ते लिहिता येत होतं. म्हणून टोपऱ्यावरचं नाव बाळाचं असलं, तरी ते बाईच्या शिक्षणाचीही खूण आहे.

आज आमच्या गटात हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. साध्या मशीनवर नाव भरताना आम्ही मशीनचा पाय काढतो, खालचे दाते खाली करतो, कापड गोल रिंगमध्ये ताणून बसवतो आणि रिंग हातानं फिरवतो. सुई जागच्या जागी चालते; अक्षर आपला हात लिहितो. नाव आधी गिऱ्हाइकाकडून कागदावर लिहून घेतो, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा वाद होत नाही. कार्बननं ते कापडावर उतरवतो. अक्षरं आधी भरतो आणि डोक्यावरची रेघ शेवटी, म्हणजे नाव सरळ रेषेत दिसतं. कापड सुती घेतो आणि शिवण्याआधी धुऊन घेतो, नाहीतर नंतर ते आटतं आणि नाव चुरगळतं. आतून मऊ अस्तर लावतो, कारण उलट्या बाजूच्या गाठी बाळाला टोचतात. मणी, टिकली, सुटं बटण लावत नाही. ते लेकराच्या तोंडात जाऊ शकतं. शहरात आता कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीनं आहेत. एकसारखे पन्नास नग हवे असले तर ती स्वस्त पडतात. पण एकाच बाळाचा एकच नग, तोही आजीच्या लुगड्याच्या तुकड्यातून हवा असेल, तर आपल्या हाताला अजून मागणी आहे.

मुलांसाठीच्या वस्तूंत आपल्या विदर्भाची खास एक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि त्यांना बोजारा मिळतो. त्या लाकडी बैलासाठी पोराचं नाव भरलेली छोटी झूल शिवली, तर ती लगेच खपते. बोरन्हाणाचं काळं झबलं आणि शाळेचं दप्तरही तसंच. वर्षभराचे सण पाहून काम आधीच वाटून घेतलं, तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

पण इथे एक प्रश्न आम्हाला टोचतो. नाव भरायच्या मागण्या मुलांच्याच जास्त का येतात? मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, हे आपण ऐकत आलो. मुलाला नावाचं टोपरं आणि मुलीला थोरल्या भावाचं जुनं, हेही त्यातलंच. पोटातल्या बाळाची लिंगतपासणी रोखण्यासाठी देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानं 1988 मध्ये केला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. टोपरं शिवून हा आकडा बदलत नाही, हे आम्हालाही समजतं. पण आपल्या हातून जे होतं ते करावं. म्हणून आमच्या गटानं ठरवलं: मुलीच्या आणि मुलाच्या जोडीचा दर एकच, कापड एकाच ठाणातलं, आणि नमुन्याच्या फळीवर दोघांची नावं शेजारी-शेजारी. ट्रॅक्टर हवा का फूल, हे गिऱ्हाइकानं सांगावं. आम्ही आपणहून वाटणी करत नाही. तान्ह्या पोळ्याला मुलीच्या नावाच्या झुलीही करून ठेवतो. समोर तयार दिसली की घेणारे घेतात.

दराचाही हिशेब उघड मांडावा. समजा एका जोडीला कापड, दोरा आणि अस्तर मिळून 110 रुपये लागले. वेळ गेला अडीच तास. तासाचे 60 रुपये धरले, तर मजुरी झाली 150. वीज आणि मशीनची झीज 15. एकूण 275, आणि यात नफा अजून धरलेलाच नाही. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, पण वेळेचा रकाना कोरा ठेवू नका. कुंची शिवणाऱ्या आजीच्या दुपारी कोणी मोजल्या नाहीत. आपल्या मोजल्या गेल्या पाहिजेत.

आणखी एक नवी गोष्ट. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदपत्रांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असं लिहायचा निर्णय राज्य सरकारनं घेतला आहे. जे नाव दाखल्यावर येतं ते दुपट्यावर का येऊ नये? आम्ही आता मागणी घेताना विचारतो, "आईचं नाव टाकायचं का?" काही जणी हसतात, काही सासूकडे पाहतात. पण "टाका," असं सासूनंच म्हटल्याचंही आम्ही ऐकलं आहे.

कापसाच्या या भागात कापडाचे दिवस पुन्हा येतील अशी चर्चा आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ इथे होणाऱ्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर 2024 मध्ये झाली. तिथे शिलाईची कामं निघाली, तर आपल्या मुली बिचाऱ्या म्हणून जायला नकोत, कारागीर म्हणून जायला हव्यात. त्याची तयारी आपल्या वहीपासून होते.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तीन कामं करा. गावातल्या म्हाताऱ्या आजींकडे जुनी कुंची असेल तर बघून या आणि तिचा बेत कागदावर काढून घ्या. मागणीच्या वहीत तासांचा रकाना आखा. आणि प्रत्येक नगाच्या आतल्या शिवणीत, बाळाला टोचणार नाही अशी एक मऊ पट्टी लावून, तिच्यावर शिवणारीचं नाव भरा. बाहेर बाळाचं नाव असू द्या, आत आपलं.