एशियाडची क्रीडांगणे आणि त्यांचे वारसदार

दिल्लीत १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळात भरलेल्या नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘एशियाड’साठी, राजधानीत थोड्या अवधीत जेवढे बांधकाम झाले, तेवढे नवी दिल्ली वसवली गेल्यानंतर क्वचितच झाले असेल. याच शहराने मार्च १९५१ मध्ये पहिल्या आशियाई स्पर्धाही भरवल्या होत्या. परंतु फाळणीच्या आघातातून सावरणाऱ्या देशाने तेव्हा नवे मुख्य मैदान न बांधता, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १९३३ साली उभ्या राहिलेल्या आयर्विन अ‍ॅम्फीथिएटरवरच भागवले, आणि जेथे २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाचे पहिले संचलन झाले होते, ती वास्तू नॅशनल स्टेडियम या नावाने ओळखली जाऊ लागली. १९८२ मध्ये मात्र जवाहरलाल नेहरू स्टेडियम, यमुनेलगतचे इंद्रप्रस्थ बंदिस्त क्रीडागृह, तालकटोरा येथील जलतरण तलाव आणि तुघलकाबादची नेमबाजीची रेंज यांबरोबरच नवे उड्डाणपूलही उभे राहिले.

स्पर्धा सोळा दिवसांत संपतात आणि वास्तू मागे उरतात, त्यामुळे त्या कोणाच्या हाती जातात, हा प्रश्न पदकांच्या हिशेबापेक्षा अधिक काळ टिकतो. १९८४ साली केंद्र सरकारने भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन केले, ते मुळात या क्रीडांगणांची देखभाल व्हावी आणि त्यांचा उपयोग होत राहावा यासाठीच. खेळाडूंच्या प्रशिक्षणाची देशव्यापी जबाबदारी या संस्थेकडे पुढे क्रमाने येत गेली. स्वतंत्र भारतातील क्रीडा प्रशासनाची ही प्रमुख संस्था अशा रीतीने रिकाम्या राहू पाहणाऱ्या इमारतींच्या चिंतेतून जन्मली, ही बाब क्रीडा-इतिहासात पुरेशी नोंदवली जात नाही. तरीही क्रीडांगण वापरात असणे आणि ते वस्तीतल्या मुलांचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिल्लीतील प्राधिकरणाची पाच क्रीडासंकुले सामान्य मुलामुलींना खेळण्यासाठी खुली करणारी ‘कम अँड प्ले’ ही योजना २०११ मध्ये आली, आणि स्पर्धेनंतर एकोणतीस वर्षांनी अशी स्वतंत्र योजना आखावी लागली, यावरूनच आधीच्या काळात या फाटकांतून कोणाची ये-जा होती याची कल्पना येते. खेळाडूंच्या निवासासाठी सिरी किल्ल्याच्या अवशेषांजवळ वास्तुरचनाकार राज रेवल यांनी आखलेली सुमारे ७०० घरांची वसाहत ही स्थापत्याच्या दृष्टीने देखणी कामगिरी होती, कारण तिच्यातील पायवाटा, चौक आणि कमानी जुन्या भारतीय नगरांच्या रचनेवरून घेतलेल्या होत्या. परंतु स्पर्धेनंतर तीही दिल्लीतील उच्चभ्रू वस्त्यांतच जमा झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला या स्पर्धेचे एक साधे आणि खरोखर सार्वजनिक स्मारक आले, ते म्हणजे एस. टी. महामंडळाच्या निमआराम गाड्यांना मिळालेले ‘एशियाड’ हे नाव.

या बांधकामांचा सर्वांत दूरवर पोहोचलेला वारसा मात्र ज्यांनी वास्तू वापरल्या त्यांच्याकडून नव्हे, तर ज्यांनी त्या बांधल्या त्यांच्यामुळे मिळाला. निरनिराळ्या राज्यांतून आलेले हजारो मजूर या कामांवर होते, आणि त्यांना आणण्याचे काम जमादार, म्हणजे ठेकेदार व मजूर यांच्यामधले मुकादम, करीत असत. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे ठरलेले होते. परंतु ठेकेदार ते मजुराच्या हाती न देता जमादाराकडे देत आणि जमादार माणशी एक रुपया दलाली म्हणून कापून घेई, तर स्त्रियांना ७ रुपयेच मिळत असल्याचीही तक्रार होती. पीपल्स युनियन फॉर डेमॉक्रॅटिक राइट्स या संघटनेने तीन समाजशास्त्रज्ञांकडून कामांच्या ठिकाणी पाहणी करून घेतली आणि तिचा अहवाल जोडून न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र पाठवले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. जो स्वतः दारिद्र्यामुळे न्यायालयात येऊ शकत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने सद्हेतूने दाद मागणे, म्हणजेच लोकहित याचिका, ही कल्पना तेव्हा नुकतीच आकार घेत होती, आणि तिला भक्कम पाया देणाऱ्या निकालांत या खटल्याची गणना होते.

१८ सप्टेंबर १९८२ रोजी, म्हणजे उद्घाटनाला दोन महिने उरले असताना, न्यायमूर्ती भगवती आणि बहारुल इस्लाम यांनी दिलेल्या निकालाने संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदातील वेठबिगारीच्या मनाईचा अर्थच विस्तारला. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात माणूस राबतो, तो स्वखुशीने नव्हे, तर भुकेच्या आणि गरजेच्या सक्तीने, आणि म्हणून असे श्रम ही वेठच होय, असे न्यायालयाने मानले. बांधकाम हा धोक्याचा व्यवसाय असल्याने चौदा वर्षांखालील मुलांना त्यावर लावता येणार नाही, आणि काम ठेकेदाराकरवी करून घेतले म्हणून दिल्ली विकास प्राधिकरणासारख्या शासकीय यंत्रणांची जबाबदारी टळत नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. मैदाने एका शहराची होती, पण हा निकाल देशातल्या प्रत्येक वीटभट्टीवरच्या आणि खाणीतल्या मजुराला आधार देऊ शकत होता; म्हणून एशियाडच्या वारशात त्याला सर्व स्टेडियमांहून वरचे स्थान द्यावे लागते.

हा आधार हक्कात उतरवणे मात्र फार संथ गतीने झाले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियम मोठ्या खर्चाने नव्याने सजवले जात असताना त्याच संघटनेला पुन्हा न्यायालयाची, या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाची, पायरी चढावी लागली. आणि न्यायालयाने नेमलेल्या समितीला स्पर्धांच्या कामांवर किमान वेतनाचा भंग आणि बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाकडे नोंदणीच न झालेले मजूर आढळले.