थेट नृत्यसंगीतासाठी हार्डवेअर सिक्वेन्सरची निवड

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत मंचावर थेट सादर करणारे अनेक कलावंत लॅपटॉपऐवजी हार्डवेअर सिक्वेन्सर वापरणे पसंत करतात. या यंत्रांचे विविध प्रकार उपलब्ध असून ट्रॅकची संख्या पाहून निवड करण्याकडे नवोदितांचा कल असतो. मंचावर मात्र दुसराच प्रश्न निर्णायक ठरतो: ठेका न थांबवता एका रचनेतून दुसऱ्या रचनेत जाता येते का?

सिक्वेन्सर म्हणजे काय?

सिक्वेन्सर मूलतः ध्वनी नव्हे, तर सूचना साठवतो. कोणता स्वर केव्हा, किती वेळ आणि किती जोराने वाजवायचा, हे तो सिंथेसायझर किंवा ड्रम मशीनला क्रमाने कळवतो. काही यंत्रांत ध्वनिनिर्मितीचीही सोय असते.

जपानच्या रोलँड कंपनीच्या १९८० मधील टीआर-८०८ या ड्रम मशीनवर १६ बटणांची ओळ होती. प्रत्येक बटण म्हणजे आवर्तनातील एक पायरी. ही मांडणी आजही प्रचलित आहे. मिनिटाला १२० ठोके अशी गती असल्यास १६ पायऱ्यांचे आवर्तन २ सेकंदांत पूर्ण होते. आठ आवर्तनांनंतर बदल करायचा असल्यास तयारीसाठी अवघे १६ सेकंद मिळतात.

मुंबईशी नाते

रोलँडच्याच टीबी-३०३ या यंत्राला बाजारात अपेक्षित यश मिळाले नाही. मात्र १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने त्याच यंत्रावर केलेली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रचना प्रसिद्ध झाली आणि 'अ‍ॅसिड हाऊस' ही शैली नावारूपाला आली. त्यापूर्वीच, १९८२ मध्ये, मुंबईतील वादक चरणजीत सिंग यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ यांच्या साह्याने दहा रागांवर आधारित डिस्को संगीताची ध्वनिमुद्रिका केली होती. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर जगभरातील रसिकांचे लक्ष तिच्याकडे गेले.

निवडीचे निकष

संक्रमण: बहुतेक यंत्रांत सुरू असलेले आवर्तन संपताच पुढचा पॅटर्न आपोआप सुरू होतो. परंतु संपूर्ण प्रकल्प बदलताना अनेक यंत्रे थांबतात. अशा वेळी कार्यक्रमातील सर्व रचना एकाच प्रकल्पात बसवाव्या लागतात. स्क्वार्प कंपनीच्या हापाक्स या सिक्वेन्सरमध्ये दोन प्रकल्प एकाच वेळी उघडे ठेवता येतात.

हाताखालील नियंत्रणे: ट्रॅक बंद-चालू करणे, पायरी वाढवणे वा पुसणे, गती बदलणे ही कामे एका बटणात व्हावीत. मेन्यूमध्ये दडलेली सोय अंधाऱ्या मंचावर निरुपयोगी ठरते. वादनाच्या ओघात केलेले बदल रद्द करून मूळ पॅटर्न त्वरित परत आणता येतो का, हेही पाहावे.

आवर्तनाची लांबी: प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता आल्यास रचनेला वैविध्य येते. १० पायऱ्यांचा स्वरसमूह आणि १६ पायऱ्यांचा ठेका एकत्र सुरू केल्यास ते ८० पायऱ्यांनंतर पुन्हा समेवर भेटतात. झपताल वा रूपकाच्या अंगाने रचना करणाऱ्यांनी या सोयीचा अवश्य विचार करावा.

जोडणी: १९८३ मध्ये आलेल्या मिडी या मानकानुसार एका केबलमधून १६ चॅनेलच्या सूचना जातात, तसेच प्रत्येक ठोक्याला २४ स्पंदने पाठवून सर्व यंत्रांची लय जुळवली जाते. लय ठरवणारे यंत्र एकच असावे. अन्यथा ठेका विस्कळीत होतो. मॉड्युलर सिंथेसायझरसाठी मात्र व्होल्टेजद्वारे नियंत्रण करणारे आउटपुट आवश्यक असतात.

वीज: वीज खंडित झाल्यास न साठवलेले बदल नष्ट होण्याचा धोका असतो. अकाई कंपनीच्या एमपीसी लाइव्हमध्ये अंगभूत बॅटरी आहे. परदेशातून आणलेले यंत्र किंवा त्याचा अ‍ॅडॉप्टर भारतातील २३० व्होल्टवर चालतो का, याची खात्री करावी.

कोणासाठी कोणते?

आपल्याकडे सिंथेसायझर असल्यास केवळ सिक्वेन्सर पुरेसा ठरतो. आर्टुरिया कंपनीच्या बीटस्टेप प्रो या यंत्रात स्वरांसाठी दोन आणि तालासाठी एक असे तीन सिक्वेन्सर असून मिडी व व्होल्टेज या दोन्ही प्रकारची जोडणी आहे. त्यातून स्वतंत्र ध्वनी मात्र निघत नाही. एकाच यंत्रावर कार्यक्रम करायचा असल्यास ध्वनिनमुने वाजवणारे यंत्र सोयीचे. स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीच्या २०१७ मधील डिजिटाक्टमध्ये ध्वनीचे आठ आणि मिडीचे आठ ट्रॅक आहेत. त्यात प्रत्येक पायरीवर ध्वनीचे गुणधर्म वेगळे ठेवता येतात. त्यामुळे मोजक्या ट्रॅकमधूनही भरगच्च परिणाम साधतो.

खरेदीपूर्वी शक्य असल्यास यंत्र हाताळून पाहावे. दोन रचना तयार करून, खोलीतील दिवे मंद करून, सलग २० मिनिटे न थांबता वादन करावे. पडद्याकडे फारसे न पाहता पहिल्या रचनेतून दुसरीत जाता आले, तर ते यंत्र मंचावर उपयोगी पडेल. नर्तकांच्या दृष्टीने ट्रॅक किती आहेत याला महत्त्व नसते. ठेका तुटला, तर मात्र पावले तत्क्षणी थांबतात.