मुरघास (मक्याचा)

मक्याचे उभे पीक कणसासकट कापून, कुट्टी करून, दाबून हवाबंद ठेवले असता आंबून टिकणारी दुभत्या जनावरांची वैरण. मक्याच्या मुरघासावरचा पहिला गाजलेला ग्रंथ फ्रान्समधील ऑगस्त गोफार यांचा (१८७७). महाराष्ट्रात चाऱ्यासाठी ‘आफ्रिकन टॉल’ हा वाण विशेष परिचित आहे.

मुरघास बिघडला की गूळ, मीठ किंवा जिवाणूंचे कल्चर कमी पडले असे म्हटले जाते. मक्यापुरते हे निदान बहुधा चुकीचे असते. ताटात साखर भरपूर असते आणि ती आंबवणारे जिवाणू पानांवर आधीपासूनच असतात; हवा संपली की ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू ४ च्या आसपास उतरतो आणि कुजवणारे जिवाणू थोपतात. फिनलंडच्या व्हिर्टानेन यांनी चाऱ्यावर आम्ल शिंपडून तो टिकवण्याची पद्धत बसवली (नोबेल पारितोषिक, १९४५). तिची खरी गरज प्रथिनयुक्त द्विदल चाऱ्याला. तो स्वतःहून सहजी आंबट होत नाही. मक्याचे यश कापणीची वेळ आणि दाब यांवरच ठरते. दाण्यावरची दुधाची रेघ (घट्ट आणि दुधाळ भागांमधली सीमा) निम्म्यावर उतरली की पिकात ३० ते ३५ टक्के शुष्कांश असतो. त्याआधी कापल्यास रस झिरपून साखर वाहून जाते. फार उशीर केल्यास राठ ताटे दबत नाहीत, मध्ये हवा राहते आणि बुरशी धरते. लवकर कापले तर रान पुढच्या पिकाला मोकळे होते आणि हिरवे वजनही भरते, हा आक्षेप व्यवहाराचा आहे खरा. पण त्या वजनात बरेचसे पाणी असते आणि पिष्ट भरायचे दाणे रिकामेच राहतात. मुरघासात युरिया मिसळण्याचा मुद्दा वेगळा. मक्यात प्रथिने ७-८ टक्केच असल्याने पूरक नत्राची गरज नाकारता येत नाही, मात्र युरियातून सुटणारा अमोनिया आम्लता वाढू देत नाही. ती उणीव पेंडीने भरून काढणे अधिक सुरक्षित.

कुट्टी साधारण १ ते २ सेंमी. ठेवतात.

मुरघासाच्या उघडलेल्या खड्ड्यात हवा शिरून माल नासतो, म्हणून समोरचा थर रोज निदान १५ सेंमी. तरी काढावा लागतो. घनमीटरला ६०० किलो धरल्यास ३ चौरस मीटर तोंडाच्या खड्ड्यातून एवढ्यासाठी दिवसाला २७० किलो माल उचलावा लागेल. गायीला २० किलोप्रमाणे तो १३ गायींचा चारा झाला. दोन-तीन गायींच्या गोठ्याला खड्डा स्वस्त पडतो, या हिशेबात ही नासाडी धरलेली नसते. तेथे लहान सायलेज बॅगाच योग्य; मात्र उंदरांनी पाडलेले भोक त्याच दिवशी चिकटपट्टीने बुजवावे लागते.