ग्रुपवर आहे की!

अमेरिकेत सुरुवातीला आलेल्या मंडळींकडून एक आठवण हमखास ऐकायला मिळते. नव्या गावात पोचले की टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी उघडायची आणि तीत जोशी, कुलकर्णी, देशपांडे शोधायचे. आडनाव सापडले की बेधडक फोन! अशा फोनांतून याद्या झाल्या आणि याद्यांतून मंडळे.

पुढे इंटरनेट आले. १९९९ च्या अखेरीस वनलिस्ट आणि ईग्रुप्स या दोन कंपन्या एकत्र झाल्या. २००० साली याहूने त्या विकत घेतल्या आणि त्यातून 'याहू ग्रुप्स' उभे राहिले. एक ईमेल टाकली की साऱ्या सभासदांना पोचायची. गणपतीचे फोटो, नाटकाच्या तारखा, सगळे एका जागी, आणि तेही फुकट! पाकिटांवर तिकिटे चिकटवून कंटाळलेल्या आमच्या कार्यकारिणीला हे वरदानच वाटले. हळूहळू सभासदांची वही मागे पडली. यादी कुठे आहे असे कोणी विचारले, तर "ग्रुपवर आहे की!" एवढे उत्तर पुरायचे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये याहूने जाहीर केले, की २८ तारखेपासून नवे काही चढवता येणार नाही आणि १४ डिसेंबरपासून जुना मजकूर काढून टाकला जाईल. प्रत मागवण्याची मुदत पुढे ३१ जानेवारी २०२० पर्यंत वाढली. १५ डिसेंबर २०२० रोजी सेवाच बंद झाली. गंमत म्हणजे वनलिस्ट काढणाऱ्या मार्क फ्लेचर यांनीच २०१४ मध्ये ग्रुप्स डॉट आयओ सुरू केले होते. निराधार झालेले अनेक गट तिकडे राहायला गेले.

मंडळात मी 'कॉम्प्युटरवाला', म्हणून यादी उतरवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. मला वाटले, दहा मिनिटांचे काम! पण आमच्या गटात पूर्ण यादी फक्त चालकालाच दिसे, आणि चालक म्हणून नोंद होती ती केव्हाच दुसऱ्या राज्यात गेलेल्या एका माजी सेक्रेटरींची. त्यांना गाठून पासवर्ड आठवायला लावण्यात दोन आठवडे गेले.

यादी हाती आली, पण अनेकांची नुसती टोपणनावे. मग खजिनदारांच्या वर्गणीच्या नोंदी तिला जोडायला घेतल्या. सीएसव्ही हा फाइलचा प्रकार १९७० च्या दशकापासूनचा, पण त्याचे नियम नीट लिहून निघाले २००५ मध्ये. दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम, एवढीच खूण. त्यामुळे पत्त्यातल्या एका मोकळ्या स्वल्पविरामाने पुढचे सगळे रकाने सरकले. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्सचे झिप कोड शून्याने सुरू होतात. एक्सेलने त्यांना संख्या समजून ते शून्यच खाल्ले. मराठीत लिहिलेल्या नावांची तर चित्रविचित्र रोमन अक्षरे झाली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. प्रोग्रॅमने एकेक बाइट सुटे अक्षर मानले, की नावाचा चुराडा! मूळ फाइल न बदलता ठेवली होती म्हणून ती नावे परत मिळाली.

तरी फोन नंबर नव्हतेच. "ईमेल आहे ना, फोन कशाला?" असे म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

मग आला मार्च २०२०. सगळे घरात बंद. आपल्यातले एकटे राहणारे ज्येष्ठ कोण, त्यांना औषधे, किराणा कोण पोचवणार, हे ठरवायला यादी उघडली. त्यातले कित्येक जण ईमेल बघत नसत. तेव्हा एका काकूंनी तळघरातून मंडळाच्या जुन्या स्मरणिका काढल्या. शेवटच्या पानांवर सभासदांची नावे आणि फोन नंबर छापलेले होते! बरेच नंबर अजून चालू होते. पलीकडून "कोण बोलतंय?" ऐकू आले की इकडे जीव भांड्यात पडायचा. ज्या डिरेक्टरीपासून सुरुवात झाली, तिथेच आम्ही परत आलो होतो.

यादी दुसऱ्याच्या घरी ठेवायला हरकत नाही, पण ते घर भाड्याचे आहे हे विसरू नये. आता दर गुढीपाडव्याला आम्ही पूर्ण यादी उतरवतो. ती दोन पदाधिकाऱ्यांकडे असते, मंडळाबाहेर कोणाला देत नाही आणि फोन नंबर विचारूनच घेतो. तेव्हा मंडळी, यंदाचा फॉर्म भरताना फोनचा रकाना मोकळा सोडू नका!