व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, तरी गणपती व्हायरल झाला

आजची गोष्ट आहे 21 सप्टेंबर 1995 ची. गुरुवार होता. विसर्जन होऊन दोनेक आठवडे झालेले, पितृपक्ष चालू. आणि दिल्लीतून पहाटेच बातमी निघाली: गणपतीची मूर्ती दूध पितेय! चमचा सोंडेला लावायचा, दूध हळूहळू संपतं.

दुपारपर्यंत देशभर देवळांसमोर रांगा. हातात वाटी नाहीतर तांब्या. त्याच दिवशी लंडनच्या साउथॉलमधल्या देवळातही हेच सुरू.

आता म्हणाल, इंटरनेटवरून गेलं असेल. छे! सामान्य लोकांसाठी इंटरनेट भारतात आलं 15 ऑगस्ट 1995 ला, म्हणजे जेमतेम पाच आठवडे आधी. पहिला मोबाइल कॉल झाला 31 जुलैला. साधे फोनसुद्धा शंभर माणसांमागे एखादाच.

पण तो एक फोन अख्ख्या चाळीचा असायचा. शेजाऱ्यांचा नंबर लोक बिनधास्त आपला म्हणून द्यायचे, पुढे ‘पी.पी.’ लिहून. फोन आला की खिडकीतून हाक जायची, आणि निरोप कोणाचाही असो, ऐकायचे सगळेच. शिवाय नाक्यावर एसटीडी-आयएसडीचा पिवळा बूथ होताच. दिल्लीच्या मामाने पुण्याच्या बहिणीला सांगायचं, तिने जिन्यात चौघींना. रात्री टीव्हीच्या बातम्यांत दिसेपर्यंत निम्म्या लोकांचा चमचा लावून झालेला.

त्याआधी देवाच्या नावाची साखळीपत्रं होतीच. इतक्या जणांना लिहा, भलं होईल. फाडलंत तर नुकसान. पण ती हाताने लिहावी लागत आणि पोचायला दिवस लागत. फोनने ते दिवस कापले.

दूध कुठे जात होतं? दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीला चिकटून ओढलं जात होतं आणि पातळ थराने खाली ओघळत होतं. पांढऱ्या मूर्तीवर पांढरं दूध, दिसणार कसं?

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ही बातमी पुढे द्यायची तर स्वतः बोलावं लागत होतं. समोरचा लगेच विचारणार, “तू बघितलंस का?” मग हो-नाही तरी म्हणावं लागे. आणि पडताळा घ्यायला खर्च चमचाभर दुधाचा.

2006 च्या ऑगस्टमध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून मुंबईकर ते प्यायले. तेव्हा मदतीला चोवीस तास न्यूज चॅनल्स होती. पाणी गलिच्छ, तरी बाटल्या भरून नेत होते लोक. असो.

आता या 2018 मध्ये. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज देशभर फिरत होते. सोबत एक व्हिडिओ: बाइकवरचे दोघे रस्त्यातून पोर उचलतात. मुळात ती कराचीतली जनजागृतीची फिल्म होती. शेवटी ते मूल परत आणून देतात आणि बोर्ड दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. कुणी, ते विचारायचं कोणाला? पाठवणारा म्हणणार, “मला पण आलं होतं, फॉरवर्ड केलं.”

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. हा समाज पिढ्यान् पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारा. त्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण लावली आणि भारतात एका वेळी पाचच चॅट्सना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. अफवांपासून सावध राहा, हे लोकांना सांगायला मात्र कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. छापील कागदावर!

भेटू पुढच्या भागात.