लातूरची आगगाडी आणि सरहद्दीचे दरवाजे

व्यापाराचा इतिहास लिहिताना आपण भांडवल, बाजारभाव आणि मालाची आवक-जावक यांचीच गणती करतो. परंतु परक्या मुलखात उद्योग घेऊन जाऊ पाहणाऱ्या मनुष्याचे आयुष्य बहुधा अर्ज, करार आणि मंजुऱ्या यांतच झिजते. कुर्डुवाडीहून लातुरास जाणाऱ्या छोट्या आगगाडीची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शी ही त्या काळी बालाघाटावरील कापूस व धान्य यांची मोठी पेठ होती. पण मुंबईच्या लोहमार्गापासून ती वीस मैलांवर पडली होती, आणि सारा माल बैलगाड्यांनी हलवावा लागे. येथे अरुंद रुळांचा स्वस्त मार्ग घातल्यास तो स्वतःच्या पायांवर उभा राहील, हे कॅलथ्रॉपने ओळखले. रूळ हलके, गजाला तीस पौंड वजनाचे. म्हणून कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, ही त्याची मुख्य कल्पना.

कल्पना सुचण्यास थोडा काळ लागला. ती सरकारदरबारी मान्य होण्यास वर्षानुवर्षे लागली. अखेर १८९५ साली करार होऊन विलायतेत बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली. गाड्या आपल्याकडे येण्यापूर्वी लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून त्यांची परीक्षा झाली. अडीच फुटी गाडी किती भार वाहते, हे कागदावर सांगून भागत नाही. ते डोळ्यांना दाखवावे लागते, हे त्याने जाणले होते. १८९७ साली बार्शीपर्यंतचा मार्ग खुला झाला.

येथवर एकाच सत्तेशी गाठ होती. बार्शी मुंबई इलाख्यात होती. परंतु तिला माल पुरविणारा पूर्वेकडचा मुलूख निझामाचा होता. १८५३ च्या तहाने धाराशिवकडचा प्रदेश इंग्रजांकडे आला होता, तो १८६० साली परत निझामाकडे गेला. ही फिरती रेषा ओलांडावयाची म्हणजे दुसऱ्या दरबाराचा दरवाजा ठोठावणे आले. मार्ग १९०७ साली तडवळ्यास पोहोचला आणि १९११ साली लातुरास. कंपनी स्थापन झाल्यापासून सोळा वर्षे लोटली होती.

नांदेडची गोष्ट याहून निराळी. मनमाडहून नांदेडवरून सिकंदराबादेस जाणारा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, आणि तो निझामाच्या हमीच्या रेल्वे कंपनीकडून चालविला जाई. ही कंपनीही १८८३ सालीच लंडनमध्ये स्थापन झालेली. पण तिच्या पाठीशी दरबाराची हमी होती. तीही लोकांस बिनतक्रार पटली असे नाही. करार प्रजेपुढे उघड व्हावा म्हणून १८८३ मध्ये हैदराबादेत चळवळ झाली, आणि तीत पुढाकार घेणाऱ्या अघोरनाथ चट्टोपाध्यायांस शहर सोडावे लागले. परक्या भांडवलाला परवानगी कोणी द्यावी, एवढाच प्रश्न नसतो. ती कोणाच्या देखत द्यावी, हाही असतो.

आता लातूरच्या व्यापाऱ्याकडे पाहू. गाडी आली, पण सरहद्द तेथेच राहिली. इंग्रज व निझाम यांच्या १८०२ च्या व्यापारी तहात शेकडा पाच जकात ठरली होती. ती वसूल करणारे करोडगिरी खाते पुढे दीडशे वर्षे व्यापाऱ्यांच्या परिचयाचे राहिले. शिवाय नाणे वेगळे. संस्थानात हाली रुपया चाले, मुंबईकडे कलदार. पुढेपुढे सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब पक्का झाला. दफ्तराची भाषा आधी फारसी, नंतर उर्दू. तेव्हा मराठी वही घेऊन बसलेल्या अडत्याला आपल्याच गावात दुभाषी, आपल्याच मालावर जकात आणि आपल्याच पैशावर बट्टा, असा तिहेरी भार सोसावा लागे. अभियंत्याने आसांवरचा भार सारखा वाटला. माणसांवरचा भार वाटून देणे त्याच्या हाती नव्हते.

१९२७ साली हीच कंपनी मिरजेपर्यंत गेली; १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती विकत घेतली. १९४८ साली संस्थानाचे स्वतंत्र अस्तित्व संपले, आणि पाठोपाठ हाली नाणे व करोडगिरीचे नाके इतिहासजमा झाले. २००८ पर्यंत लातूरचे रूळही रुंद झाले.

रूळ टाकणे म्हणजे बाजार जोडणे, असा आपला समज असतो. लातूरचा अनुभव सांगतो की रूळ रेषेपलीकडे नेता येतात, परंतु रेषा पुसण्याचे काम त्यांच्याने होत नाही. ते काम राज्यकर्त्यांचे, आणि ते व्हावे म्हणून हट्ट धरणाऱ्या प्रजेचे. कॅलथ्रॉपचे धैर्य वाखाणण्याजोगे खरे. पण नाक्यावर पावती हाती घेऊन निमूटपणे उभ्या राहिलेल्या त्या अडत्याचे धैर्यही काही कमी नव्हते, आणि त्याचे नाव मात्र कोणत्याही इंजिनावर कोरलेले नाही.