हवेचा फोटो काढून तिची घनता कशी मोजतात?

उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर पलीकडचं दृश्य थरथरताना दिसतं. गरम हवा विरळ, गार हवा दाट, त्यामुळे प्रकाश वाटेत थोडा थोडा वळत जातो. सुपरसॉनिक विमानाभोवतीची हवा मोजायला हीच गोष्ट वापरतात.

मग सरळ सेन्सर का नाही लावत? कारण आवाजापेक्षा वेगवान प्रवाहात साधी नळी घातली तरी तिच्यापुढे नवीनच शॉकवेव्ह तयार होते. म्हणजे जे मोजायचं तेच बदललं. प्रकाश मात्र प्रवाहाला धक्का न लावता आरपार जातो.

ग्लॅडस्टन-डेल सूत्र सांगतं, की वायूच्या अपवर्तनांकातून १ वजा केल्यावर जे उरतं, ते घनतेच्या प्रमाणात असतं. आपल्या आजूबाजूच्या हवेचा अपवर्तनांक साधारण १.०००२७. मॅक २ वेगाच्या प्रवाहात सरळ आडवी शॉकवेव्ह आली, की तिच्यामागे घनता सुमारे २.६७ पट होते आणि अपवर्तनांक १.०००७२ वर जातो. फरक चौथ्या दशांश स्थळावर! सगळी करामत तो पकडण्याची आहे.

जर्मनीच्या ऑगस्ट टोपलरने १८६४ मध्ये श्लीरेन पद्धत शोधली. लेन्स प्रकाश जिथे एका बिंदूत गोळा करते, तिथे ब्लेडची धार ठेवायची. वळलेले काही किरण धारेवर अडतात, काही निसटतात, आणि हवा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत दिसू लागते. अर्न्स्ट माख आणि पीटर साल्कर यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेले, गोळीपुढच्या शॉकवेव्हचे फोटो याच पद्धतीचे. फक्त एक लक्षात ठेवा: श्लीरेनमध्ये घनता थेट दिसत नाही, ती जागेनुसार किती झपाट्याने बदलते ते दिसतं.

मला सगळ्यात आवडते ती बॅकग्राउंड-ओरिएंटेड श्लीरेन. इथे ब्लेड नाही की महागडे आरसे नाहीत. ठिपक्यांच्या बॅकग्राउंडचे दोन फोटो घ्यायचे, एक प्रवाहाशिवाय आणि एक प्रवाहासह. कोणता ठिपका किती सरकला हे सॉफ्टवेअर शोधतं आणि त्यावरून घनतेचा नकाशा काढतं. पण प्रकाश वाटेतल्या सगळ्या हवेची बेरीज करून आणतो. म्हणून थ्रीडी चित्र हवं असेल तर सीटी स्कॅनसारखे अनेक कोनांतून फोटो लागतात.

२०१९ मध्ये नासाने अशाच पद्धतीने दोन टी-३८ विमानांच्या एकमेकींत मिसळणाऱ्या शॉकवेव्ह टिपल्या. कॅमेरा वरून उडणाऱ्या विमानात, वेग सेकंदाला १,४०० फ्रेम, आणि ठिपक्यांच्या जागी खालचं वाळवंट. हा नुसता फोटोंचा हौसेचा मामला नाही. जमिनीवर ऐकू येणारा सॉनिक बूम याच शॉकवेव्हमुळे होतो, आणि त्या आवाजामुळेच अमेरिकेने १९७३ मध्ये जमिनीवरून होणाऱ्या नागरी सुपरसॉनिक उड्डाणांवर बंदी घातली होती.

घरी करून बघायचंय? बारीक ठिपक्यांचा कागद भिंतीवर लावा, फोन स्टँडवर ठेवा आणि दोघांच्या मधोमध मेणबत्ती. फोकस कागदावर लॉक करा, एक्स्पोजरही लॉक करा. टायमर लावून मेणबत्ती विझलेली असताना एक आणि पेटलेली असताना एक फोटो घ्या. एडिटिंग ॲपमध्ये दोन्ही एकावर एक ठेवून ‘डिफरन्स’ मोड निवडा. ज्योतीच्या वर गरम हवेचा झोत दिसेल. सगळाच कागद चमकला, तर मध्ये फोन हललाय, परत घ्या.